उठा, दुसरी पंगत बसायची आहे!

गेल्या भाऊबीजेला माझ्या घरी एक लहानसा अपमान घडला. ज्यांनी तो केला त्यांच्या तो लक्षातही नाही, आणि जिचा झाला तिने चिवड्याची बशी भरून आणण्याच्या निमित्ताने आत जाऊन तो गिळून टाकला. मी मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ आहे. संपादकांनी ‘काहीतरी हलकेफुलके, फराळाबरोबर वाचता येईल असे’ मागितले होते. त्यांना मी हे भांडण पाठवीत आहे. भांडणही फराळाबरोबर चालते. आमच्या घरी तर बऱ्याचदा ते फराळावरूनच सुरू होते.

घडले ते असे. माझी थोरली बहीण तीसहून अधिक वर्षे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात राहते. बऱ्याच वर्षांनी ती दिवाळीला आली होती. शेजारचे एक प्राध्यापक फराळाला आले. नाव सांगत नाही. ते हा अंक विकत घेतातच आणि स्वतःला ओळखतीलही. बोलता बोलता त्यांनी ताईला विचारले, “इतकी वर्षे तिकडे काढलीत. तिथले असे काय आहे, जे गेले म्हणून तुम्हांला चुकल्याचुकल्यासारखे वाटते?” ताईने थोडा विचार केला आणि म्हणाली, “डिस्ने वर्ल्डमधली दोन हॉटेलं. बंद झाली ती.”

प्राध्यापक हसले. नुसते हसले असते तर मी काही बोललो नसतो. ते मांडीवर थाप मारून हसले. “अहो, जिथे राजवाडा खोटा, डोंगर खोटा, उंदीर माणसाएवढा, तिथल्या हॉटेलासाठी गहिवर? आम्ही दिवाळी करतो मास्तर, आणि तुमच्या ताईसाहेब संस्कृतीचे दिवाळे काढतात!” कोटी बरी होती. आम्ही सगळेच हसलो. मीही हसलो, हे कबूल करतो. ताई उठून आत गेली.

आता माझी बाजू ऐका. मी मॅट्रिकपुढे न शिकलेला मास्तर आहे. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन लोकांनी वाचल्या. विद्वानांशी वाद घालण्याची माझी योग्यता नाही. पण ज्या विषयावर विद्वान हसून मोकळे होतात त्यावर मास्तराने बोलायला हरकत नसावी.

प्रथम हे डिस्ने वर्ल्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळांना ती एक जत्रा वाटते. फ्लोरिडात ऑर्लँडो शहराजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते सुरू झाले. वॉल्ट डिस्नेने कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड काढले होते. त्याचे हे मोठे भावंड. वॉल्ट स्वतः मात्र १९६६ मध्येच वारला, त्यामुळे हे त्याने पाहिले नाही. जमीन इतकी की मुंबईचे जुने बेट तीत ठेवले तरी वर जागा उरेल. आत चार मोठी उद्याने, निवासाची डझनावारी हॉटेले, तळी, आगगाड्या आणि उपाहारगृहे तर मोजावीत तितकी थोडी. तिथे माणसे दोन दोन, चार चार दिवस कुटुंबासह राहतात. तेव्हा तिथले उपाहारगृह म्हणजे जत्रेतले भज्यांचे दुकान नव्हे. ज्या घरात कुटुंब चार दिवस राहिले त्या घराचे ते माजघर.

ताई तिथे १९९१ साली लग्न होऊन गेली. भावजी टँपा शहरात अभियंते. १९९२ च्या दिवाळीत तिला पाचवा महिना होता. राजापूरकडच्या आमच्या घरात दहा माणसांत वाढलेली पोर. तिकडे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चार भिंतींशी बोलायची. त्या दिवाळीच्या रविवारी भावजी तिला मन रमावे म्हणून मॅजिक किंगडम नावाच्या उद्यानात घेऊन गेले. तिला पाळण्यांत बसायची बंदी, उन्हात चालवेना. तेव्हा तिला एका जागी बसवून ते, सोबत आलेल्या मित्राच्या मुलांना घेऊन, पाळणे दाखवायला गेले. ती जागा म्हणजे ॲडव्हेंचरलँड व्हरांडा.

नाव लक्षात घ्या. व्हरांडा हा शब्द इंग्रजीने हिंदुस्थानातूनच उचलला आहे. पंधरा हजार किलोमीटरांवर जाऊन बसलेल्या मुलीला पाटीवर घरचा शब्द भेटला. लाकडी कठडे, वर संथ फिरणारे पंखे, एकातून एक निघणारी दालने, बाहेर झाडी. साहेबाच्या बंगल्याची नक्कल होती ती. आमच्याकडे साहेब अशा वरांड्यात आरामखुर्ची टाकून बसे आणि आपली माणसे पायरीशी उभी राहत. इथे आमची ताई खुर्चीवर बसली आणि गोऱ्या मुलीने हसून तिला थाळा दिला. प्राध्यापकांच्या संस्कृतीच्या हिशेबात ही नोंद कुठल्या खात्यावर पडते, ते त्यांनी सांगावे.

त्या उपाहारगृहाला किक्कोमन या जपानी सोया सॉसच्या कंपनीचा आश्रय होता. सॉस आणि अननसाची चकती घातलेला मांसाचा पाव ही तिथली खासियत. तो ताईने घेतला नाही. तळलेले बटाटे आणि अननस घेतला, पर्समधून आईने पार्सलने पाठवलेल्या चकल्यांचा डबा काढला, आणि निळ्या हवाई पत्रावर बाबांना पत्र लिहायला घेतले.

ते पत्र माझ्यापाशी आहे. ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.’ येथपासून पहिली बारा-तेरा वाक्ये एकच गोष्ट सांगतात: मला इथे राहवत नाही, बाळंतपणाला घरी येते, आणि आले की परत जाईन असे वाटत नाही, तिकिटाचे काय ते बघा. मग अक्षर बदलते. बहुधा मध्ये बराच वेळ गेला असावा. पुढे लिहिले आहे: ‘इथे एक पडवी आहे. आपल्या पडवीसारखीच लांबट. मी दोन तास बसले आहे, अजून कोणी ऊठ म्हटले नाही. शेजारच्या टेबलावर एक आजी आहेत. त्यांनी चकली खाल्ली आणि काय घातले म्हणून विचारले. भाजणी कशी सांगायची ते कळेना, मग आम्ही दोघी हसलो. बाबा, तिकिटाची घाई करू नका. बघते.’ पत्राच्या कोपऱ्यावर सोया सॉसचा तपकिरी डाग आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि तो डाग अमेरिकेचा म्हणून वर्गात दाखवायला नेला होता.

ताई आली नाही, तिकडेच राहिली. बरे झाले की वाईट, हा वेगळा प्रश्न. आई शेवटपर्यंत वाईटच म्हणत होती. पण एका मुलीच्या आयुष्याचा काटा ज्या टेबलाशी इकडचा तिकडे झाला, ते टेबल गेल्यावर तिला चुकल्यासारखे वाटू नये काय? ॲडव्हेंचरलँड व्हरांडा १९९४ साली बंद झाला. त्या जागी पुढची वीसएक वर्षे नेमाने चालणारे उपाहारगृह नव्हते.

आता ‘खोटे’ या आक्षेपाकडे वळतो. तिथले सगळे खोटे आहे, हे मला मान्य आहे. मी तर प्राध्यापकांना अधिक पुरावा देतो. मॅजिक किंगडमच्या मध्यभागी सिंड्रेलाचा राजवाडा आहे आणि त्यात वरच्या मजल्यावर भोजनगृह. त्याचे नाव काय ठेवले होते? ‘किंग स्टीफन्स बँक्वेट हॉल’. आता हा राजा स्टीफन सिंड्रेलाचा कोणी नव्हे. तो डिस्नेच्याच १९५९ च्या चित्रपटातल्या झोपी गेलेल्या राजकन्येचा बाप! म्हणजे अयोध्येच्या राजवाड्यातल्या मुदपाकखान्याला द्रुपद राजाचे नाव द्यावे तशातली गत. पंचवीसएक वर्षे लोक तिथे आनंदाने जेवले. १९९७ साली कंपनीने नाव बदलून सिंड्रेलाच्या नावाचे केले. माझ्या वर्गातल्या मुलाने अशी चूक केली असती तर मी लाल शाईने गोल काढला असता. पण जुन्या नावाची भोजनपत्रिका आज तिकडचे लोक जपून ठेवतात. चुकीचे नाव असलेल्या खोलीतसुद्धा खरी भूक लागते आणि खरे पोट भरते.

दुसरे हॉटेल तर याहून खोटे. ‘एम्प्रेस लिली’ नावाची ती बोट होती. १९७७ साली वॉल्टच्या पत्नीचे, लिलियनबाईंचे नाव तिला दिले. मिसिसिपी नदीत पूर्वी चालत तशी चाकाची, धुराड्यांची, मजल्यामजल्यांची. पण ही बोट कधी चाललीच नाही, कारण ती बोट नव्हती. तळ्याच्या पाण्यात काँक्रीटच्या पायावर बांधलेली इमारत होती. आत तीन भोजनगृहे: एक माशांचे, एक मांसाचे आणि एक बड्या लोकांचे. ती उद्यानांच्या बाहेर, बाजारपेठेत होती. त्यामुळे तिथे जायला प्रवेशाचे तिकीट लागत नसे.

याच बोटीवर माझ्या बहिणीचे डोहाळजेवण झाले.

वाचकांतल्या वडीलधाऱ्या बायकांना सांगायला नको की डोहाळजेवण बागेतले असते, चांदण्यातले असते आणि नावेतले असते. आमच्या आईने पत्रातून हट्ट धरला होता: पहिलटकरीण आहे, नावेतले करा. भावजी बिचारे बोट शोधत फिरले. कोणीतरी ही सुचवली. डिसेंबर १९९२. टँपातल्या दोन मराठी बायका, एक गुजराती शेजारीण आणि भावजी. माशांच्या भोजनगृहात खिडकीजवळचे टेबल. गुजराती शेजारीण फक्त पाव-लोणी आणि कोशिंबीर खात बसली. ओटीला नारळ मिळाला, खण मिळाला नाही, म्हणून ब्लाऊजपीस. वाढपी मुलाला काय चालले आहे ते कळेना. त्याला वाटले वाढदिवस आहे. तो मेणबत्ती लावलेला केक घेऊन आला. फुंकर घालून विझवायची की नाही यावर बायकांची चर्चा झाली आणि ती जळू द्यावी असे ठरले.

इकडे राजापुरात आईने गावभर सांगितले की मुलीचे डोहाळजेवण अमेरिकेतल्या बोटीवर झाले. बाबांनी ताईला विचारले, बोट किती लांब नेली होती? ताईने खरे ते कळवले. आईने ते पत्र तांदळाच्या डब्यात लपवले.

प्राध्यापकमहाशय, आपल्याकडे नावेतले डोहाळजेवण कोणत्या समुद्रात होते? कार्यालयात पुठ्ठ्याची होडी उभी करतात, निळा कागद पसरतात आणि वल्हे म्हणून सुताराची पट्टी हातात देतात. गणपतीपुढचा हिमालय कापसाचा असतो आणि दिवाळीतला किल्ला दगडमातीचा. परवाच तुमच्या नातवाच्या किल्ल्यावरचा प्लास्टिकचा मावळा पडला तेव्हा तुम्ही स्वतः वाकून उभा केलात. खोट्याशी खरे वागायचे हे शिक्षण आपल्याला कोणी डिस्नेने दिलेले नाही.

मग तिथले इतके सारे पाळणे, भुतांचे वाडे, आकाशात उडणाऱ्या गाड्या सोडून ताईला हॉटेलेच का आठवतात? याचे उत्तर मला माझ्या धंद्यात मिळाले.

गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि २०२२ साली बंद झाले. मधल्या काळात ठाण्या-मुंबईकडच्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे जात. मीही मुले घेऊन चारपाच वेळा गेलो. लाँचमधून खाडी ओलांडायची, दिवसभर मुले मोजायची, संध्याकाळी एक कमी भरायचे आणि ते मूतारीत सापडायचे. परतल्यावर मी निबंध घालीत असे: ‘माझी अविस्मरणीय सहल’. मला वाटे, पाळण्यांची वर्णने येतील. येत; पण दोन ओळींत संपत. ‘पाळणा खूप उंच होता. मला खूप मजा आली.’ आणि मग पान भरून डब्याची हकिगत. कोणी कोणाशेजारी बसले, कोणाच्या डब्यात थालीपीठ होते, कोणाची भाजी सांडली, एरवी न बोलणाऱ्या मुलीने लोणचे कसे दिले. वर्षामागून वर्षे तेच. मी आधी चिडून समासात ‘विषयांतर’ असे लिहीत असे. मग हळूहळू मला कळले की विषयांतर मुले करीत नव्हती.

पाळण्यात माणसे एकामागे एक बसतात. सगळ्यांची तोंडे एका दिशेला. बापाला मुलाचे टाळके दिसते, मुलाला लोखंडी दांडा. वेग इतका की हाक मारली तर ऐकू येत नाही. दिवसभर कुटुंब असे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाते. फक्त जेवायला बसले म्हणजे तोंडे समोरासमोर येतात आणि आपण कोणाबरोबर आलो आहोत हे कळते. एका जागी, सावलीत, तासभर, समोरासमोर: सबंध उद्यानात हे देणारी जागा एकच, ती म्हणजे उपाहारगृह. बाकी सारे पाहायला असते.

आणि नेमकी तीच जागा मोडत चालली आहे, असा माझा आरोप आहे.

कंपनीचा वकील म्हणेल, मास्तर, हॉटेले बंद होतात तशी नवी उघडतातही. उघडतात ना. मी काही सगळे बुडाले म्हणत नाही. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९६७ साली निघालेले ‘ब्लू बायू’ टिकून आहे, फ्लोरिडात १९७४ पासून चाललेला जेवणासकटचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रमही आहे. पण गेलेल्यांची वाट पाहा. डिस्नेलँडमध्ये पहिल्या वर्षापासून एक चाच्यांचे जहाज होते, डबाबंद मासे विकणाऱ्या कंपनीच्या आश्रयाने चालणारे. त्यावर ट्यूना माशाचे पाव मिळत. १९६९ मध्ये त्याचे नाव बदलले आणि १९८२ मध्ये तो भाग नव्याने मांडताना जहाजच मोडले. फ्लोरिडाच्या काँटेंपररी हॉटेलात पंधराव्या मजल्यावर ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ होते; जेवता जेवता गायकांचे गाणे ऐकायचे आणि खाली तळ्याकाठची रोषणाई पाहायची. ते १९९३ मध्ये मिटले. एपकॉट उद्यानातल्या इटलीच्या दालनात रोमच्या आल्फ्रेडोच्या नावाचे भोजनगृह १९८२ ते २००७ असे पंचवीस वर्षे चालले. एम्प्रेस लिली १९९५ मध्ये बंद झाली. ती इमारत दुसऱ्यांच्या हाती गेली, २०१७ मध्ये तिचे नाव पॅडलफिश झाले. टॉम सॉयरच्या नावाचे एक बेट होते, त्यावर पॉली मावशीच्या नावाचे छोटे उपाहारगृह पूर्वी चाले, पाण्याकडे तोंड करून बसायची सोय होती. जुलै २०२५ मध्ये ते बेट आणि भोवतीची नदी, दोन्ही कायमची बंद झाली. आता तिथे मोटारींच्या चित्रपटावरचा देखावा व्हायचा आहे. नदीच्या जागी मोटारी! हे मी रचलेले नाही.

आणि जी उरली आहेत तिथे बसायचे कसे? मोठ्या भोजनगृहात जागा हवी तर साठ दिवस आधीपासून राखता येते. ज्याला मनासारखी वेळ हवी तो त्या साठाव्या दिवशी पहाटे उठून मोबाईल घेऊन बसतो. दोन महिन्यांनंतरच्या मंगळवारी दुपारी दीड वाजता आपल्याला कुठे भूक लागणार आहे, हे ज्याला माहीत असेल त्याने ज्योतिषाचा धंदा करावा, तो सहलीला कशाला जाईल? ज्याने राखले नाही त्याने उभ्या उभ्या मोबाईलवर पदार्थ मागवायचा, नंबर लागला की थाळा उचलायचा आणि रिकामी खुर्ची शोधत फिरायचे. १९९२ सालची माझी बहीण, पाचव्या महिन्यात, इंग्रजी अडखळत बोलणारी, न ठरवता आलेली, यातल्या कोणत्या रकान्यात बसते?

खुर्ची किती वेळ अडली आणि तिच्यावर किती पंगती उठल्या, हा हिशेब हॉटेलाच्या धंद्यात सर्वत्र असतो. आपल्याकडे लग्नात जेवणाऱ्याच्या पाठीशी दुसऱ्या पंगतीची माणसे येऊन उभी राहतात, तेव्हा श्रीखंड घशाखाली उतरत नाही. तोच हा प्रकार. पहिलीही हॉटेले धर्मादाय नव्हती, हे मी विसरलेलो नाही. कोणी सोया सॉसवाला, कोणी मासेवाला, जो तो आपला माल खपवायला आला होता. पण दुकानदाराने ओट्यावर बसू देणे आणि न बसू देणे यांत फरक असतो, आणि गिऱ्हाइकाला तो बरोबर कळतो. ही कंपनी तर उघड उघड आठवणी विकते. तिच्या जाहिराती तेच सांगतात. आठवणी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाची आठवण मोडीत काढायची, आणि त्याच जागी नव्या आठवणीचे तिकीट फाडायचे, या व्यापाराला आमच्या बाजारात वेगळे नाव आहे.

वॉल्ट डिस्ने स्वतः म्हणत असे की डिस्नेलँड कधी पुरे होणार नाही, त्यात भर पडतच राहील. हे वाक्य कंपनीचे भाट प्रत्येक पाडापाडीच्या वेळी पुढे करतात. भर पडणे म्हणजे पाडणे, हा अर्थ माझ्या शब्दकोशात नाही.

तरी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. प्रत्येक बंद पडलेल्या हॉटेलासाठी रडावे असे मी म्हणत नाही. डिस्नेलँडमध्ये १९५५ पासून आंट जेमायमाच्या नावाचे धिरड्यांचे हॉटेल होते. डोक्याला फडके बांधलेली, गोऱ्यांना हसतमुखाने वाढणारी काळी दाई, हे त्या कंपनीचे चिन्ह. एक काळी बाई तशा वेषात तिथे पाहुण्यांचे स्वागत करी. ज्यांच्या आज्या गुलाम होत्या त्यांनी ते कोणत्या डोळ्यांनी पाहिले असेल? ते नाव १९७० मध्ये गेले, चांगले झाले. एखाद्याची रम्य आठवण दुसऱ्याच्या पाठीवरचा वळ असेल तर ती जाऊ द्यावी. मात्र धिरडी खायला बसायची जागा राहिली, आजही आहे. काय काढावे आणि काय ठेवावे, हे तिथे कोणाला तरी कळले म्हणायचे.

आता प्राध्यापकांना एकच आठवण करून देतो. मुंबईला जहांगीर कलादालनात ‘समोवार’ नावाचे उपाहारगृह होते, १९६४ पासून. रेल्वेच्या डब्यासारखी लांबट जागा. खरे म्हणजे वरांडाच. मार्च २०१५ मध्ये ते बंद झाले. त्या आठवड्यात तुम्ही लोकलने खास तिकडे गेलात, खिमापराठ्यासाठी रांग लावलीत, आणि परत येऊन माझ्या ओट्यावर बसून गहिवरलात. मी हसलो नाही. तुमच्या तरुणपणचे काय काय त्या टेबलांवर सांडले होते ते मी विचारलेही नाही. तुमच्या वरांड्यात चित्रकार आणि कवी बसत, ताईच्या वरांड्यात अनोळखी आजी चकली खात. एवढ्यावरून एकाची आठवण संस्कृती आणि दुसरीची दिवाळखोरी?

२०१७ मध्ये भाच्याने तिकीट काढून मला तिकडे नेले. त्याआधी, डिसेंबर २०१५ मध्ये, जुन्या व्हरांड्याच्या जागी एक नवे भोजनगृह निघाले होते, जंगलातल्या नावाड्यांच्या नावाचे, जिथले वाढपी मुद्दाम रद्दड विनोद करतात. आम्ही तिघे तिथे बसलो. खोली खाशी आहे, जेवणही रुचकर, आणि वाढप्याचे विनोद आमच्या स्टाफरूममधल्यांपेक्षा वाईट नव्हते. ताई मात्र जेवताना सारखी मान वळवून पाहत होती. शेवटी तिने खिडकीकडे बोट करून भाच्याला सांगितले, “तू इथे होतास.” पोरगा चोवीस वर्षांचा. त्याला वाटले आई लहानपणच्या एखाद्या फेरीबद्दल बोलते आहे. तो म्हणाला, “मला नाही आठवत.” ताई म्हणाली, “कसं आठवेल?”

मग माझी मागणी काय? मोठी नाही. हॉटेल मोडायचे असेल तर मोडा, मालक तुम्ही आहात. पण चार महिने आधी सांगा, म्हणजे ज्याला यायचे तो येऊन एकदा बसून जाईल. नव्या जागेत जुन्याची दोन टेबले आणि जुने नाव कुठेतरी ठेवा. आणि तिकिटाचे डॉलर मोजून आत आलेल्या माणसाला, काही न राखता, काही न दाबता, सावलीत तासभर बसता येईल अशी एक पडवी प्रत्येक उद्यानात असू द्या.

हे लिहून झाल्यावर मला थांबता आले असते. पण प्राध्यापक आमच्या राजापूरच्या घरी येऊन गेलेले आहेत आणि ते गप्प बसणार नाहीत, तेव्हा मीच सांगतो. ताईने पत्रात जिची आठवण काढली ती आमची पडवी आता नाही. २०१४ साली मी ती भिंत घालून बंद केली आणि दोन खोल्या काढल्या, संडास-बाथरूमसकट. कोकण पाहायला येणाऱ्यांना भाड्याने देतो. घराचे छप्पर त्याच पैशांतून झाले. ताईला तेव्हा फोनवर सांगितले होते. “बरं केलंस,” म्हणाली होती.

भाऊबीजेनंतर आम्ही दोघे राजापूरला गेलो. ती अंगणात उभी राहून नव्या भिंतीकडे बघत राहिली. मग काही न बोलता पायरीवर बसली आणि पर्समधून चकल्यांचा डबा काढला. मी तिच्या शेजारी टेकलो. उन्हे कलली होती, समोरच्या सुपारीवर पाखरे येत होती. ती बाबांच्या आरामखुर्चीची जागा हाताने दाखवीत काहीतरी सांगू लागली, इतक्यात फाटकाशी पुण्याची गाडी थांबली. आतल्या गृहस्थांनी विचारले, खोली तयार आहे ना? त्यांना किल्ली द्यायला मी उठलो.